कर्दळीचा कोपरा

सकाळी चहाचा कप घेऊन ती वरच्या खोलीत आली, खिडकीचं दार ढकललं, आणि खाली कोपरा नव्हता. भिंत होती. भिंतीपलीकडची उंच इमारत होती, तिच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या होत्या. अलीकडे गुलाबांचा वाफा, नळ, नळाशी वेटोळं करून ठेवलेली हिरवी नळी, सगळं जिथल्या तिथे. पण दोन भिंती जिथे मिळतात तिथे कर्दळीचं बेट उभं असायचं, माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेलं, फाटक्या तपकिरी पानांचं, ते नव्हतं. तिची नजर रोजच्या सवयीने तिथे टेकायला गेली आणि थेट सिमेंटवर आपटली. आधी राग आला नाही. आधी वाटलं, आपणच चुकीच्या खिडकीशी उभ्या आहोत. मग तिने मागे वळून पाहिलं. तिच्या पसरलेल्या हातांहून रुंद अशा कॅनव्हासवर कर्दळ उभी होती, अर्धी. डावीकडची पानं झाली होती. उजवीकडे नुसता पिवळट रंगाचा एक हात मारलेला होता आणि त्यावर कोळशाच्या चार रेघा. त्या रेघांचं पुढे काय करायचं ते ती आज खाली बघून ठरवणार होती.

तसं पाहिलं तर खाली बघून ती चित्र काढत नसे. बागेची चित्रं काढणारी बाई म्हटली की लोकांना वाटतं, ही फुलांसमोर कॅनव्हास टेकवायचा घोडा मांडून बसत असेल, डोक्यावर टोपी, मांडीवर रंगांची पाटी. त्यातलं काही नव्हतं. एखादं चित्र मनात धरलं की पहिले काही दिवस ती रंगांना हातच लावायची नाही. बागेत बुटकं स्टूल टाकून बसून राहायची. पायावर मुंग्या चढायच्या, शेजारच्या इमारतीत कोणीतरी टेबलं सरकवायचं, ऊन तिच्या एका खांद्यावरून दुसऱ्यावर जायचं. काय बघता, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. ती बघत नसेच फारशी, बागेची सवय करून घेत असे. मग वर येऊन दार लावून आठवणीने काढायला लागायची, आणि तेही पानं नव्हे, पानांमधली हवा. दोन पानांच्या मध्ये जो वेडावाकडा तुकडा उरतो, कधी भिंतीचा, कधी आभाळाचा, कधी नुसत्या अंधाराचा, तो नेमका बसला की पान आपोआप येऊन उभं राहतं. फूल सगळ्यात शेवटी, कधी कधी येतच नाही. खिडकी होती ती फक्त भांडण सोडवायला. हात एक म्हणतोय आणि आठवण दुसरंच, असं झालं की उठायचं, एकदा खाली बघायचं, परत यायचं. बऱ्याच वेळा हातच बरोबर निघायचा. ही रीत तिला कोणी शिकवली नव्हती आणि आता या वयात तिला त्या रीतीबद्दल शंकाही नव्हती. बाकी कशाकशाबद्दल होती. स्वतःच्या बोलण्याबद्दल, रांधण्याबद्दल, लोकांत गेल्यावर हात कुठे ठेवावेत याबद्दल होती. ब्रश हातात असला की नसायची.

पूर्वी तसं नव्हतं. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं ती बियाण्यांच्या पाकिटांवरची चित्रं काढत असे. एका ऑफिसात मोठ्या टेबलाशी बसून, समोर फोटो ठेवून. झेंडू, डेलिया, टोमॅटो, भोपळी मिरची. टोमॅटोला डाग नाही, पानाला भोक नाही, फुलाची एकही पाकळी मागे राहिलेली नाही. साहेब पाठीमागून यायचे, वाकून बघायचे आणि म्हणायचे, अजून थोडं ताजं करा. तिने इतकं ताजं केलं की एकदा बाजारात खरा टोमॅटो हातात घेतल्यावर तिला तो आजारी वाटला. आणि गंमत अशी की तिची ती पाकिटं विकत आणून पेरायच्या तिच्याच नणंदबाई. वन्सं तेव्हा शाळेत गणित शिकवायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या अंगणात वाफे करायच्या, तेही दोरी लावून, रोपांमधलं अंतर मोजपट्टीने मोजून. फुलं आली की रिकामं पाकीट हातात धरून त्या स्वयंपाकघरात यायच्या. "वहिनी, या पाकिटावरच्यासारखं एकसुद्धा आलं नाही." तिने हसून सांगितलं होतं की पाकिटावरचं फूल मी पाहिलेलंच नाही, मला कसं माहीत असणार. वन्सं हसल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी त्यांनी खत वाढवलं. पाकिटावरच्यासारखं आणायचंच, असा त्यांनी जणू पण केला. आणि त्याच सुमाराला तिने ती नोकरी सोडली, घरातल्या वरच्या खोलीत घोडा मांडला, आणि पहिलंच चित्र काढलं ते पावसाने झोडपलेल्या डेलियाचं, मान मोडून मातीत पडलेल्या. एका घरात एकाच बागेकडे दोघी अशा दोन टोकांनी बघत आल्या होत्या, आणि त्यावर कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. वन्सं खाली छाटायच्या, बांधायच्या, वाळलेलं उचलायच्या. ती वरून, त्यांच्या कात्रीतून जे सुटेल ते टिपायची. ते थोडंच असायचं. वन्संची कात्री फार चोख.

या उन्हाळ्यात मात्र कात्री नव्हती. वन्संच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या खालच्या खोलीत पलंगावर पडून होत्या, पाय उशीवर, हातात पेन. बागेत कोणी गेलं नाही. चष्म्यांचं दुकान बंद करून आल्यावर नवरा पाणी घालायचा, तेही नळी एकाच जागी धरून, दुसऱ्या हाताने फोनवर बोलत. गुलाब रानटी झाले, लिली झोपल्या. आणि कर्दळ, जिचं वाळलेलं पान वन्सं कधी संध्याकाळपर्यंत टिकू देत नसत, ती मनाला येईल तशी वाढली, फुलली, फाटली आणि उभ्या उभ्या वाळली. पानांच्या शिरा तेवढ्या राहिल्या, मधला भाग कागद झाला आणि त्यातून मागचं ऊन गाळून येऊ लागलं. तिने ते खिडकीतून पाहिलं आणि हातातला चहा निवेपर्यंत तिथून हलली नाही. खाली जाऊन तिने वन्संना औषध दिलं, उशी नीट केली, कसं वाटतंय म्हणून विचारलं, आणि विचारताना तिच्या मनात आलं, अजून थोडे दिवस नाही उठल्या तर बरं. हा विचार तिने झटकला नाही. तो होता, तसा ठेवून ती वर गेली आणि कॅनव्हास ताणायला घेतला.

नवरा खालच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. तिने त्याला कर्दळीबद्दल विचारलं. काल दुपारी ती फ्रेमवाल्याकडे गेली होती तेव्हा तो जेवायला घरी आला होता, आणि मागून खणण्याचा आवाज येत होता असं त्याने सांगितलं. मग थांबवलं का नाही, तर तो म्हणाला की ताईने एकदा खुरपं हातात घेतलं की तिला थांबवायची त्याची लहानपणापासून छाती नाही, आणि तुमच्या दोघींमध्ये मी नाही. नाडीची गाठ पक्की करून तो दुकानात गेला.

वन्सं जेवणाच्या टेबलाशी पेपरातलं आकड्यांचं कोडं सोडवत बसल्या होत्या. पाय समोरच्या खुर्चीवर. कोडं त्या पेनने सोडवायच्या, खोडायची वेळ येत नाही म्हणून.

"मी कर्दळ काढत होते, वन्सं."

"मला माहीत आहे," वन्सं म्हणाल्या. "म्हणूनच मी काढली."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग त्या बोलल्या ते अगदी सावकाश, फळ्यावर एकेक पायरी मांडावी तसं. परवा ती बाहेर गेलेली असताना वरची खिडकी वाऱ्याने आपटत होती म्हणून त्या जिना चढून वर गेल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. खिडकी लावली, मागे वळल्या, आणि समोर त्यांची बाग होती. तशी. ते चित्र आता प्रदर्शनाच्या मोठ्या हॉलमध्ये लागणार, त्यावर दिवा सोडणार, त्यांच्या शाळेतल्या बायका हौसेने बघायला येणार, कारण वहिनींचं चित्र म्हणजे घरचं, आणि बाग कोणाची हे त्या सगळ्यांना ठाऊक. ती बाग तशी कधी नसते. आयुष्यात एकदाच तशी झाली, त्या पडून होत्या तेव्हा.

"पण चित्रात तुम्ही कुठेच नाही आहात," ती म्हणाली.

"तेच तर दिसतं त्यात," वन्सं म्हणाल्या. "मी नाहीये, तेच दिसतं."

ती वर आली, दार लावलं आणि कॅनव्हाससमोर बसली. तिचे कान गरम झाले होते. आणि त्याच वेळी, ज्याची तिला स्वतःलाच जरा लाज वाटली, तिला आतून बरंही वाटत होतं. इतकी वर्षं लोक तिच्या चित्रांना शांत म्हणत आले, ताजीतवानी म्हणत आले, एकाने तर पेपरात लिहिलं होतं की पाहून डोळ्यांना थंडावा मिळतो. एवढं नेमकं कोणी बोललं नव्हतं. त्या डाव्या बाजूच्या पानांमध्ये तिने जी हवा काढली होती, ती त्या हवेत नसलेल्या माणसाची हवा होती, आणि हे तिला स्वतःला माहीत नव्हतं. गणिताच्या बाईंनी एका नजरेत वाचलं. म्हणजे चित्र बरोबर होतं. बरोबर होतं आणि वन्संना टोचत होतं, आणि ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नव्हती. तिने कितीतरी वेळ त्यांना एकमेकांवर घासून पाहिलं. दोन्ही शाबूत राहिली.

मग तिने ब्रश उचलला. कर्दळ खाली नसली म्हणून काय झालं, तिच्या हातात होती. कोळशाच्या चार रेघांवर तिने पानं चढवायला घेतली, आणि ती झरझर येऊ लागली, एकही अडली नाही. संध्याकाळपर्यंत उजवी बाजू भरत आली. दिवा लावून ती मागे सरकली, आणि तिला साहेब आपल्या पाठीमागे वाकून उभे असल्यासारखं वाटलं. पानं फाटलेली होती, पण छान फाटलेली होती. तपकिरी होती, पण ताजी तपकिरी. प्रत्येक चीर जिथे शोभेल तिथे होती. भांडण सोडवायला खाली काही उरलं नव्हतं, त्यामुळे हात बिनविरोध निवडून आला होता, आणि निवडून आल्या आल्या पाकिटावर जाऊन बसला होता. ती घाबरली नाही. असं होतं तेव्हा काय करायचं ते तिला ठाऊक होतं. तिने रुंद पातं घेतलं आणि रंग ओला होता तोवर उजवी बाजू वरपासून खालपर्यंत खरवडून काढली.

गॅलरीवाल्या बाईंचा फोन आला. मोठ्या भिंतीचं काय, असं त्या विचारत होत्या. मोठं चित्र होत नसेल तर लिलीची ती छोटी चित्रं एका ओळीत लावू, लोकांना आवडतात, असंही त्यांनी सुचवलं. तिने सांगितलं की मोठी भिंत मोठ्या चित्रासाठीच ठेवा, चित्र येतंय. कुठपर्यंत आलंय, तर म्हणाली, अर्धं झालंय आणि उरलेलं अर्धं काय आहे ते मला अजून माहीत नाही. बाई हसल्या. तिने ते गमतीने म्हटलं नव्हतं.

स्टूल घेऊन ती खाली गेली. कोपऱ्यापासून थोड्या अंतरावर बसली. पहिल्या दिवशी तिथे काही नव्हतं, नुसतं नसणं होतं, आणि ती त्याच्यावर रागावून बसली होती. दुसऱ्या दिवशी भिंत दिसू लागली. वर्षानुवर्षं पानं घासून घासून भिंतीवर एक गडद पट्टा पडला होता, माणसं टेकून बसतात त्या भिंतीवर पडतो तसा. मग माती दिसू लागली. ती तपकिरी नव्हती. उकरलेल्या ढेकळांच्या सावलीत जांभळी होती, कडेला उन्हात जवळजवळ नारिंगी, आणि मध्ये मध्ये तुटलेल्या मुळांचे पांढरे तुकडे खडूसारखे पडले होते. आणि मग एका सकाळी, ऊन अगदी आडवं असताना, तिला भोकं दिसली.

चार चारच्या चौकोनात होती. एक चौकोन भिंतीपाशी, एक जरा अलीकडे, एक आणखी अलीकडे. प्रत्येक चौकोनात डावीकडची दोन खोल, उजवीकडची दोन उथळ. शेजारी, उजव्या बाजूला, एक लांबट चर, टाच घासून पडलेला. ती बराच वेळ बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांसमोर ती दुपार हळूहळू उलगडली. वन्संनी आतली लाकडी खुर्ची ओढत आणली असणार. पायऱ्यांवरून, एकट्याने. ती भिंतीपाशी ठेवली, बसल्या, उजवा पाय समोर सरळ पसरला, सगळा भार डावीकडे टाकला आणि वाकून खुरप्याने खणायला लागल्या. हात पोचतील तेवढं झालं की उठायचं, खुर्ची ओढायची, पुन्हा बसायचं, पुन्हा पाय पसरायचा. कर्दळीचे कंद सहजासहजी निघत नाहीत, एकमेकांना घट्ट धरून बसतात. पूर्ण कोपरा त्यांनी असा बसून साफ केला होता, एका दुपारी, आणि संध्याकाळी टेबलाशी नेहमीसारखं सगळ्यांना पाणी वाढलं होतं. तिला दया आली नाही. तिला हेवा वाटला. एखाद्या जागेशी असं बसून, जमेल तेवढ्या अंतरातलं सगळं संपवून मग पुढे सरकायचं, हे ती स्वतः इतकी वर्षं करत आली होती. स्टूल तिथेच सोडून ती जिना चढली.

डावी बाजू तिने हलवली नाही. वाळकी कर्दळ, उन्हाने पारदर्शक झालेली, कोणी न छाटलेली, जशी होती तशी राहिली. खरवडलेल्या उजव्या बाजूत आता एक पानही आलं नाही. वर भिंत आली, भिंतीवरचा घासलेला पट्टा आला, आणि खाली माती, पात्याने जाड लावलेली, ढेकळाला ढेकूळ. दोन्हींच्या मध्ये जी हवा होती ती सगळ्यात अवघड होती, कारण आता तिला कडा धरायला पानं नव्हती. आजवर तिने पानांमधले तुकडे काढले होते. हा एवढा मोठा तुकडा कधी काढला नव्हता. तीन वेळा ती खिडकीशी उठून गेली आणि तिन्ही वेळा हात बरोबर निघाला. शेवटी तिने ब्रश उलटा धरला आणि ओल्या रंगात दांडा दाबून भोकं पाडली, डावीकडची खोल, उजवीकडची उथळ. टाचेचा चर अंगठ्याने ओढला. हात धुतले. थकवा नव्हता, भूक लागली होती.

वन्संना चित्र दाखवायला बोलवायचं हे तिने ठरवलं. जिना उतरताना एक वाक्य तिने मनात जुळवलं होतं. तुम्ही नको म्हणालात तर मी पाठवणार नाही. शेवटच्या पायरीपर्यंत ते तोंडात तयार होतं. मग तिने ते सोडून दिलं, कारण ते खरं नव्हतं. ती पाठवणारच होती. म्हणून ती एवढंच म्हणाली की चित्र झालंय, वर या.

वन्सं एकेक पायरी घेत आल्या. तिने खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत. कठड्याला धरावं तसं खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. डावीकडे त्यांनी फार पाहिलं नाही, ते त्यांना पाठ होतं. उजवीकडे पाहत राहिल्या. खाली कोणाच्यातरी गाडीचा हॉर्न अडकला आणि सुटला.

"ही भोकं कसली?"

"खुर्चीची."

वन्संनी चष्मा सारखा केला. "पण खुर्ची नाही काढलीत."

"नाही."

"का?"

"खुर्ची काढली असती तर लोकांनी खुर्चीवरच्या बाईची चौकशी केली असती. गुडघ्याची केली असती. भोकं आहेत तिथे नुसतं काम दिसतं."

वन्सं चित्राच्या आणखी जवळ गेल्या. त्यांचं बोट हवेत एकेका भोकावरून फिरलं, ओठ हलले. मग त्या म्हणाल्या की चारच्या पटीत येत नाहीत, एक कमी आहे. तिने सांगितलं की ते ढेकळाखाली गेलंय. तसं असेल तर ते दिसायला हवं, असं वन्संचं म्हणणं पडलं. दिसत नाही म्हणजेच खाली गेलंय, असं तिचं. वन्संच्या नाकातून एक छोटा आवाज आला. चुकीचं उत्तर चलाखीने देणाऱ्या मुलीला त्या असंच करत असाव्यात.

"डावीकडची तशीच ठेवलीत."

"हो."

"मला ती नाही आवडत, वहिनी."

"माहीत आहे मला."

"बरं," वन्सं म्हणाल्या, आणि आता खुर्चीत बसल्या. "निदान शेवटी मी आले म्हणायची बागेत."

हॉलमधून दोन माणसं चित्र न्यायला आली तेव्हा कळलं की ते जिन्यातून उतरत नाही. कॅनव्हास त्याच खोलीत ताणलेला, दारातून आजवर गेलाच नव्हता. माणसं म्हणाली, चौकट सोडावी लागेल. नवरा म्हणाला, दुकानातून पाना आणतो. वन्संनी खालून सगळ्यांना गप्प केलं. मागच्या दाराची उंची त्यांनी नजरेने मोजली, जिन्याच्या वळणाकडे पाहिलं, आणि आधी कोणता कोपरा खाली, मग किती तिरपं, मग कुठे थांबून कसं वळवायचं ते एकेक करून सांगितलं. माणसांनी ऐकलं. चित्र वळणावर अडलं, तिरपं झालं, सुटलं, आणि मागच्या दाराने बागेत आलं. दम खायला म्हणून त्यांनी ते भिंतीला टेकवून ठेवलं, त्या कोपऱ्यापासून चार हातांवर.

तिने ते कधीच बाहेर पाहिलं नव्हतं. बागेची चित्रं बागेत आणायची नाहीत हा तिचा जुना नेम होता. खऱ्या उजेडात रंग रंगच दिसतात, आणि मागे एखादं खरं पान हललं की सगळं संपतं. ती हात बांधून उभी राहिली. कोपऱ्यात वन्संनी आता बोटभर उंचीची रोपं लावली होती, दोरीत, सारख्या अंतरावर. वारा आला. रोपं हलली. तिने तिथून नजर काढून चित्रावर आणली आणि वाट पाहिली. चित्र हललं नाही. मातीवर ऊन पडलं होतं ते खरं होतं, आणि त्याखाली जांभळी सावली होती ती तिची होती, आणि दोघांचं जमत होतं. वरच्या उजव्या बाजूला एक जागा तिला अजून थोडी उघडी करता आली असती. तिला ती करावीशी वाटली नाही.

माणसं पाणी पीत होती. नवरा गाडीचं दार उघडायला पुढे गेला होता. वन्सं पायरीवर काठी टेकून उभ्या होत्या, आकाशाकडे आणि चित्राकडे आळीपाळीने बघत, भर दुपारी सावलीतून उन्हात आणून ठेवलेल्या नव्या रोपाकडे बघावं तशा.

"उचला आता," त्या माणसांना म्हणाल्या. "ऊन लागतंय त्याला."